फारोची दाढी

पनवेलला बदली झाली तेव्हा बाबांनी आईला सांगितलं होतं, "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग नगरकडे परत जाऊ." पाळकांच्या बायका असल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नसतात. आईने पहिल्याच आठवड्यात मागच्या अंगणात कढीपत्ता लावला. देवळाच्या मागे दोन खोल्या आणि एक पडवी, एवढं आमचं घर. आम्ही देऊळच म्हणायचो. चर्च हा शब्द माझ्या तोंडात कॉलेजात गेल्यावर आला आणि आईला तो शेवटपर्यंत शिष्टपणाचा वाटला. घराची आणि देवळाची एक भिंत सामाईक होती. आईने फोडणी टाकली की वास पहिल्या बाकापर्यंत जायचा, आणि शनिवारी बाबा रिकाम्या देवळात उद्याचा उपदेश मोठ्याने म्हणून बघायचे तो आईला चुलीपाशी ऐकू यायचा. भाकरी थापता थापता ती इकडून ओरडायची, "हे मागच्या महिन्यात सांगून झालंय." पलीकडून कागद उलटल्याचा आवाज यायचा. आमच्या पाळकसाहेबांकडे दर रविवारी नवा विचार असतो, असं मंडळीतल्या लोकांना वाटायचं. तो कुठून यायचा हे आम्हां दोघींना ठाऊक होतं.

दिवाळी सरली की पूर्वेकडून धूर यायला लागायचा, तो मे महिना संपेपर्यंत. कोळशाची भुकटी, ओली लाकडं आणि भाताचं तूस एकत्र जळल्याचा तो वास अजूनही कुठे आला तर मी खिडकी लावून घेते. आई दोरीवरचे कपडे आधी झटकायची आणि मग घडी घालायची, तरी बाबांच्या पांढऱ्या झग्यावर खांद्याशी काळे कण राहायचेच. आम्ही त्याला शलमोनकाकांचा धूर म्हणायचो, आणि म्हणण्यात तक्रार नसायची. शलमोनकाका म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांतले सगळ्यांत मोठे. गाढी नदीच्या पलीकडे त्यांची वीटभट्टी होती. देवळाच्या आवाराची भिंत त्यांच्याच विटांची, त्यांनी मंडळीला दिलेली. नाताळात आमच्या घरी करंज्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडून यायचं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या भट्टीवर विटा पाडून म्हातारे झाले होते. हे ते प्रार्थनेला उभे राहिले की सगळ्यांदेखत सांगायचे, आणि सांगताना डोळे पुसायचे. ते रडणं खोटं नसायचं. इतक्या वर्षांनीही मला त्यांना ढोंगी म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर मला बरंच सोपं गेलं असतं.

त्यांची एक लकब होती. कुठेही वीट दिसली की ते वाकून तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे. देवळाच्या भिंतीवरसुद्धा, उपासना संपल्यावर, कुणाशी बोलता बोलता. वीट पक्की असेल तर आवाज खणखणीत येतो म्हणे. आणि एक वाक्य होतं, ते लहान मुलांचे गाल ओढताना म्हणायचे, "नीट वागा हां. देव वरून बघतोय, मी खालून बघतोय." आम्ही हसायचो. त्या वाक्याला दुसरा सूर असू शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाबांची रविवारची शाळा उपासनेच्या आधी तासभर भरायची. तिला मंडळीची मुलं असायचीच, शिवाय गल्लीतली कुणीही. शिंप्याची नूर यायची, शेजारची आगरी सुगंधा यायची. गोष्ट सांगून झाली की बाबा विचारायचे, "तुमच्या घरी असं काही सांगतात का?" मग नूर उठून म्हणायची, "सर, आमच्यात नुसतं मोशे नाय म्हणत. हजरत मूसा म्हणायचं." सुगंधा म्हणायची, "आमच्यात कंसानं बी बारकी पोरं मारली, किसन टोपलीतनं नदीपार गेला." बाबा दोघींना शाबासकी द्यायचे. कारभाऱ्यांना हे पसंत नव्हतं. शलमोनकाका एकदा पडवीत चहा पिताना म्हणाले, "पाळकसाहेब, लेकरांना एकच काय ते सांगा. गोंधळ होतो." बाबा म्हणाले, "लेकरांचा होत नाही, काका." काका हसले, कप खाली ठेवला आणि ओट्याच्या विटेवर टकटक केलं.

भट्टीवरची कातकऱ्यांची मुलं मात्र शलमोनकाकांनीच पाठवली होती. त्यांना त्याचा अभिमान होता. "माझ्या भट्टीवरची पोरं प्रभूची गाणी म्हणतात," असं ते पाहुण्यांना सांगायचे. रविवारी सकाळी मुकादम सात-आठ पोरांना फाटकापाशी आणून सोडायचा. ती दाराजवळ, सगळ्यांत मागे चटई टाकून बसायची. तिथे बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे या असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्यात मंजी होती. तेरा-चौदा वर्षांची, हाडकुळी, केस मातीने तांबूस झालेले. ती दर रविवारी ती चटई हातभर पुढे सरकवायची. नाताळापर्यंत चटई बाकांच्या रांगेला येऊन भिडली होती. तिला नकला फार छान यायच्या. पेटी वाजवणारे मास्तर, उपदेशात चष्मा शोधणारे बाबा, आणि तोंड वर करून चालणारी मी. माझी नक्कल तिने माझ्यासमोर केली तेव्हा मला राग आला, पण दुसऱ्या दिवसापासून मी मान खाली घालून चालायला लागले.

मी तेव्हा सोळा वर्षांची. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मोठ्या मुलांचा वर्ग बाबांनी माझ्याकडे दिला होता. सोळाव्या वर्षी माणसाला जेवढी अक्कल असते, त्याच्या दुप्पट आपल्याला आहे असं मला वाटायचं. उपवासकाळ चालू होता, आणि मी निर्गमाची, म्हणजे मोशेने मिसरातल्या गुलामांना सोडवून नेल्याची, गोष्ट सांगत होते. मिसरचा राजा फारो याने हुकूम काढला, की या गुलामांना विटांसाठी आता गवत देऊ नका, ते त्यांनीच गोळा करावं, पण विटा मात्र रोज तेवढ्याच पाडाव्यात. मला पुढच्या समुद्रापर्यंत जायची घाई होती. मंजीने मध्येच विचारलं, "गवत कशाला? तूस टाकतात."

"तिकडे गवत टाकायचे."

"मंग गवत नाय दिला तर वीट उकलते. उकलली वीट शेठ मोजनीत धरत नाय. दिसभर पाडली तरी नाय धरत." ती बाकीच्या पोरांकडे बघत होती आणि ती पोरं माना हलवत होती. "मंग ती मान्सं पलाली?"

"लगेच नाही. पण पळाली. समुद्र दुभंगला आणि ती पलीकडे गेली."

"उरनचा?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मंजी हसली नाही. तिला खरंच हवं होतं ते उत्तर.

ईस्टरच्या दोन आठवडे आधी, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या रविवारी, शाळेचा वार्षिक दिवस असे. त्या वर्षी निर्गमाची नाटुकली करायची असं मी ठरवलं. खऱ्या विटा शलमोनकाकांनीच हातगाडीवरून पाठवल्या. मोशे व्हायला चार मुलं भांडत होती, देवदूत व्हायला सहा, आणि मुलाला फारो करायला कुणाचीच आई तयार नव्हती. म्हणून फारो मंजीला दिला. आईचा जुना काळा स्वेटर उसवून मी दाढी केली. डोळ्यांखालून सुरू होऊन छातीपर्यंत येणारी, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, मागून नाडी. वर टॉवेलचा फेटा. तोंड उघडेपर्यंत आत मुलगा आहे की मुलगी, तेही कळत नव्हतं. मी लिहिलेली वाक्यं पुस्तकी होती आणि मंजीला वाचता येत नव्हतं. तेव्हा मी तिला सांगितलं, आणि हे सांगताना आपण किती हुशार आहोत असं मला वाटलं, की पाठ करू नकोस. तुला माहीत असलेला एखादा मोठा, रागीट माणूस आठव आणि तो जसा बोलतो तसं बोल.

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोनचा बी?"

"कोणताही," मी म्हणाले.

पाळकाच्या घरात वाढलेल्या मुलीकडूनच अशी चूक होते. आमच्यासाठी फारो हा पुस्तकातला माणूस होता. तो मेलेला होता, समुद्रात बुडालेला होता, त्याला घाबरायचं काही कारण नव्हतं. हे मला आज लिहिताना कळतं. तेव्हा मी फक्त दाढीची नाडी नीट बसते की नाही ते बघत होते.

त्या रविवारी देऊळ भरलं होतं. खिडक्यांतून गरम वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर धूर. शलमोनकाका पहिल्या बाकावर, पाहुणे म्हणून गळ्यात हार घालून. भट्टीवरची पोरं रांगेने विटा घेऊन आली आणि फारो आत आला. तो सावकाश चालत होता, एक खांदा किंचित खाली सोडून. पहिल्या विटेपाशी थांबला, वाकला, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान दिला. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. फारोने ती वीट पायाने लोटून दिली. "कच्ची! नाय धरायची." दुसरी वीट. टकटक. "कच्ची!" मग एक बारकी पोर लटपटत पुढे आली आणि मी न लिहिलेलं वाक्य म्हणाली, "शेठ, आय तापानं फनफनलीय." फारो तिच्याकडे वळला. आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "तापानं? पानी पिते ना? पानी पिते तर विटांचा गारा बी तुडवंल. उद्या पोटातलं पोर पडंल म्हनून सांगशील." त्याने त्या पोरीचा गाल ओढला. "देव वरून बघतोय, मी खालून बघतोय."

पेटीवाल्या मास्तरांचा हात भात्यावर तसाच राहिला. मी पडद्याच्या आड उभी होते आणि माझ्या हातातली समुद्राची निळी साडी घामाने ओली झाली होती. मग शलमोनकाका हसले. मोठ्याने, मान मागे टाकून हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते हसल्यावर सगळं देऊळ हसलं. मला इतकं हायसं वाटलं की मी साडीचा समुद्र वेळेआधीच सोडला.

दुपारी पाहुण्यांचं जेवण आमच्याकडे. शेजारच्या सुगंधाच्या आईकडून आई वालाचं बिरडं शिकली होती, ते, भात, पापड आणि शिरा. बाबा देवळात खुर्च्या आवरायला थांबले होते. मी वाढत होते. शलमोनकाकांनी शिऱ्याची तारीफ केली, दुसऱ्यांदा घेतला आणि सहज म्हणाले, "छान बसवलंस गं रूथ. ती दाढीवाली कोण होती? मोठी हुशार आहे. कुणाची?"

"रूथ, पाणी आण," आई म्हणाली.

"आणते. काका, ती..."

"आधी पाणी आण."

मला वाटलं, आई मला कौतुकाचे दोन शब्दसुद्धा ऐकू देत नाही. इतक्या दिवसांची मेहनत माझी, दाढी माझी, युक्ती माझी. मी जागची हलले नाही. "हिरूची मंजी," मी म्हणाले. "तळ्याकडच्या शेवटच्या खोपटातली. काका, तिला वाचता येत नाही, तरी बघा." एवढं सांगून मग मी पाणी आणायला गेले. आले तेव्हा आई पातेल्यात नुसताच डाव फिरवत होती आणि काका पापड मोडत होते. "हुशार पोरीला बक्षीस द्यायला पाहिजे," ते म्हणाले. "दोन वह्या देईन म्हणतो."

पुढचे तीन दिवस काहीही झालं नाही. म्हणजे आमच्याकडे झालं नाही. धूर रोजच्यासारखा येत होता. बाबा दर गुरुवारी सायकलने भट्टीवर जाऊन बायकामाणसांसाठी प्रार्थना घ्यायचे. त्या गुरुवारी मला सुट्टी म्हणून मीही मागे बसले. भट्टीवर एरवी सायकलची घंटी वाजली की पोरं धावत यायची. त्या दिवशी कुणी आलं नाही. बाया विटा उलटत होत्या आणि त्यांनी वर पाहिलं नाही. तळ्याकडचं शेवटचं खोपटं जागेवर नव्हतं. चार खड्डे होते जिथे छपराच्या मेढी रोवलेल्या होत्या, चुलीचे तीन दगड होते, आणि झाडलोट करून ठेवल्यासारखी स्वच्छ जमीन. बाबांनी एका बाईला विचारलं, दुसरीला विचारलं. तिसरीने विटांकडे बघत सांगितलं, "सोमवारी दुपारी टरक आला. हिरू, त्याची बायको, पोरं, सगल्यांना बशिवला. दुसऱ्या भट्टीवर, म्हनं."

"कुठल्या?"

"आमाला नाय ठावं."

"बायको आजारी होती ना त्याची?"

बाईने पुढची वीट उलटली. मुकादम लांबून चालत आला. त्याने बाबांना रामराम केला, आत गेला आणि वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. "शेठ म्हनाले, देवलाची वस्तू हाय, देवलात परत द्या." आत दाढी होती, मंजी त्या रविवारी घरी घेऊन गेली होती ती. नीट घडी केलेली, नाडी वर गुंडाळलेली.

परत येताना बाबा सायकल हातात धरून चालले. पुलावर त्यांनी मला विचारलं, "काकांना नाव कुणी सांगितलं?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर आईने पुडकं उघडलं, पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पाणी मागितलं होतं." मग ती पीठ मळायला बसली. तिने नंतर आयुष्यभर हा विषय काढला नाही, आणि पाणी मात्र कधीही माझ्याकडे मागितलं नाही, स्वतः उठून घ्यायची.

बाबा त्याच संध्याकाळी शलमोनकाकांकडे गेले. काका म्हणाले, माणसं एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर जातातच, त्यात काय एवढं, पाळकसाहेब. आणि तुमच्या घराचं छप्पर यंदा बदलायचं आहे ना, त्याचं बघू. घर मंडळीचं होतं. बाबांना त्यातला अर्थ कळला, तरी ते थांबले नाहीत. त्यांनी तहसील कचेरीत अर्ज दिला. पळस्प्याच्या पुढे, कळंबोलीच्या अलीकडे, उरणच्या रस्त्याला, जिथे धूर दिसेल तिथे ते सायकल नेत राहिले आणि हिरू कातकऱ्याचं नाव विचारत राहिले. पावसाळ्यापर्यंत. पावसात भट्ट्या बंद होतात आणि ती माणसं डोंगरात जातात, मग कुणाला विचारणार?

झावळ्यांच्या रविवारी काकांनी मला बाजूला बोलावलं आणि दोन कोऱ्या वह्या हातात दिल्या. "ती पोर तर गेली," ते म्हणाले. "तूच वापर." त्यांनी माझा गाल ओढला. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. मला ते ऐकू आलं. त्या वह्या मी वापरल्या. फेकून दिल्या असं लिहायला मला आवडलं असतं, पण कॉलेज सुरू व्हायचं होतं आणि घरात वह्या नव्हत्या.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, माझं पहिलं प्रभुभोजन होतं. आमच्याकडे प्याला एकच. कठड्यापाशी गुडघे टेकून सगळे त्यातूनच पितात आणि पाळक दर वेळी कड पुसून प्याला जरासा फिरवतात; कुणी उघड पाप केलं असेल तर त्याला ते तो नाकारूही शकतात. माझी जागा शलमोनकाकांच्या शेजारी आली. बाबा प्याला घेऊन त्यांच्यासमोर आले आणि थांबले. पेटीवरचं गीत संपलं. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. द्राक्षरस प्याल्याच्या कडेला लागत होता, आणि मी मनात म्हणत होते, देऊ नका, बाबा, यांना देऊ नका. मग माझ्या लक्षात आलं की पुढची मी आहे. आदल्या शुक्रवारीच बाबांनी वाचलं होतं, येशूला पकडून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि बाहेर जाऊन रडला. तो ओळखत नाही म्हणाला आणि चुकला. मी ओळखते म्हणाले होते. बाबांनी काकांना प्याला दिला. मग कड पुसली, फिरवली आणि मला दिला. बाबांनी काकांना तो का दिला, याचा मला कितीतरी वर्षं राग होता. मला का दिला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आई गेली, बाबा गेले, शलमोनकाकाही गेले. मी काकांच्या मयतीला गेले होते. नदीपलीकडे आता भट्टी नाही, बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत. मी मात्र इथेच राहिले. शाळेत नोकरी केली, आणि रविवारचा वर्ग चाळीस वर्षं माझ्याकडेच आहे. या चाळीस वर्षांत मी निर्गमाची गोष्ट दर वर्षी सांगितली. टोपलीतलं बाळ, जळतं झुडूप आणि मग एकदम समुद्र. विटांचा अध्याय मी एकदाही घेतला नाही, आणि मंजीचं नाव कुणापुढे उच्चारलं नाही, लग्नानंतर नवऱ्यापुढेही नाही. एकदा सांगून काय होतं ते मी पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात एका मुलीने हात वर केला. तिच्या मोबाईलवर अख्खं बायबल असतं. "टीचर, तुम्ही पाचवा अध्याय स्किप केलात." मी काहीतरी सबब सांगितली. ती म्हणाली, "पण त्याच्याशिवाय ते लोक का पळाले, ते कळतच नाही ना." मी खुर्चीवर बसले. विटांचं सांगितलं, तुसाचं सांगितलं, तापातही गारा तुडवणाऱ्या बाईचं सांगितलं. नाटुकलीचं सांगितलं, काळ्या लोकरीच्या दाढीचं, टकटक करून विटा लाथाडणाऱ्या फारोचं. जेवणाच्या पंगतीचं सांगितलं, आणि माझं. मग त्या मुलीने विचारलं, "टीचर, ती दाढीवाली कोण होती?"

पाणी आणायला सांगणारं आता कुणी नव्हतं.

"हिरूची मंजी," मी म्हणाले. "तळ्याकडच्या शेवटच्या खोपटातली."